निधी नाही, पट नाही, भारमान नाही: वाडीवरचा हक्क तपासायचा कुठे?

सड्यावरचा
राजापूर, लांजा, संगमेश्वर, वैभववाडी, कुठल्याही तालुक्यातली सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी डोळ्यांसमोर आणा. शाळेचा पट आठ, शिक्षकांच्या दोन पदांपैकी एक रिकामं. मुक्कामाची एसटी भारमान (गाडीत भरणाऱ्या आसनांचं प्रमाण) नाही म्हणून बंद. आरोग्यसेविकेकडे शेजारच्या उपकेंद्राचाही कार्यभार. यातला एकही निर्णय 'तुमचा हक्क काढून घेतोय' असं सांगून होत नाही. शिक्षण विभाग संचमान्यता (पटावरून ठरणारी शिक्षकांची मंजूर पदं) दाखवतो, आगार भारमान दाखवतं, आरोग्य विभाग रिक्त पदांची यादी दाखवतो. तीन कार्यालयं, तीन फायली, आणि प्रत्येकीच्या तळाशी एकच ओळ: निधी उपलब्ध नाही.

दोन प्रश्न. हे उत्तर कायद्यापुढे टिकतं का? आणि टिकत नसेल तर ग्रामपंचायतीने नेमकं काय करायचं? मोर्चा सोडून सांगा.

गावठी_वकील
तिन्हींना एका पोत्यात घालू नका, तिथेच गाडी अडकते.

शाळा: इथे कायद्यानेच किमान मर्यादा लिहून ठेवली आहे. संविधानाचं कलम २१-क, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट आठ असो वा अठ्ठावन्न, दोनच. सहावी ते आठवीला भाषा, विज्ञान-गणित आणि सामाजिक शास्त्र यांसाठी शिक्षक हवेतच. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाविरुद्ध शिक्षक संघटना का उठल्या ते अनुसूची शेजारी ठेवून वाचा, लगेच कळेल.

दवाखाना: 'आरोग्याचा हक्क' या नावाचं कलम नाही, पण कलम २१ मधून न्यायालयांनी तो काढला आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती, १९९६: रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपये भरपाई दिली आणि पैशाच्या अडचणीमुळे राज्याची घटनात्मक जबाबदारी टळत नाही असं स्पष्ट केलं. त्याआधी १९८० चा रतलाम नगरपालिकेचा निकाल. गटारं बांधायला पैसे नाहीत, हे नगरपालिकेचं म्हणणं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ऐकलं नाही.

एसटी: इथे पाया सर्वांत कच्चा. त्यावर कोणीतरी जाणकाराने लिहावं.

घाटमाथा
विरोधी बाजू मांडतो, रागावू नका.

२००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. माणसंच मुंबई-पुण्याला गेली तर शाळा कोणासाठी चालवायची? चार इयत्तांत मिळून आठ मुलं म्हणजे एकेका वर्गात दोन. खेळायला संघ होत नाही, स्पर्धा नाही, एकच शिक्षक पाढेही घेतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. २०२३ मध्ये समूह शाळेची (आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा) कल्पना आली तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि पुण्याच्या पानशेतचं उदाहरण दिलं गेलं. ती कल्पना मुळात वाईट नाही. शिवाय राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, महसुली तूट पंचेचाळीस हजार कोटींच्या वर. कुठेतरी कात्री लागणारच.

कुळथाची_पिठी
कात्री लागणारच, पण ती दरवेळी शेवटच्या थांब्यावरच कशी लागते बरं?

हिशेबी
घाटमाथा, तत्त्वाचं राहू द्या, आकडे मांडू.

आठ मुलांची शाळा बंद करून सहा किलोमीटरवरच्या शाळेत जोडली, म्हणजे कागदावरचं 'समायोजन' झालं, असं धरा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत वाहतूक भत्ता एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. आठ मुलांचे ४८,०००. पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस कायद्याने किमान २००. म्हणजे दिवसाला २४० रुपये, आठ मुलांचं जाऊन-येऊन. सहा किलोमीटरचा चढ-उताराचा रस्ता, सकाळची फेरी, दुपारची फेरी, आणि दोन्ही वेळा निम्मी वाट रिकामी गाडी. एवढ्यात कोणती सहा आसनी रिक्षा येईल? त्यात भत्ता रोज मिळत नाही, मागाहून जमा होतो. रिक्षावाला डिझेल आज भरतो.

उलट बाजूला दोन नवे शिक्षणसेवक धरले तर मानधन महिना १६,००० प्रत्येकी, वर्षाचे ३,८४,०००. वाचतात ते हे पैसे. त्यातले लाख-दीड लाख जरी नीट वाहतुकीवर खर्च केले तर समूह शाळा उभी राहील आणि सरकारची बचतही होईल. पण बचत पूर्ण धरली जाते आणि वाहतूक भत्त्यावर ढकलली जाते. मोडतं ते इथे.

साकव
अंतर. या धाग्यात अंतराबद्दल कोणी बोलेल म्हणून थांबलो होतो.

राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून १ किमी, सहावी ते आठवीसाठी ३ किमी. शब्द आहे 'चालण्याचं अंतर'. कागदावर मात्र दोन शाळांचे अक्षांश-रेखांश जोडून सरळ रेघ मारली जाते. देशावर ती रेघ फारशी चुकत नाही. कोकणात मधे पऱ्या (ओढा) असतो, खाडीचा फाटा असतो, नाहीतर शंभर-दीडशे मीटरची उतरण. नकाशावर ९०० मीटर असलेली शाळा पावसाळ्यात साकव (ओढ्यावरचा छोटा पायपूल) वाहून गेला की डांबरी रस्त्याने चार किलोमीटर पडते.

म्हणून आधी अंतराचा दाखला मिळवा. मोजणी पायवाटेने, शाळेच्या फाटकापासून वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीने. जून ते सप्टेंबरची वाट वेगळी असेल तर ती वेगळी मोजून त्याच कागदावर लिहा. वाटेत साकव असेल तर तो कोणत्या साली बांधला आणि कठडा आहे का तेही. बाकी निवेदनं पंधरा पानांची असली तरी चालतात, पण हा एक कागद नसेल तर समोरचा अधिकारी नकाशा उघडतो आणि विषय संपतो.

मालवणी_खाजा
आणि नकाशात पऱ्याक पाणी नसता, तां बरां असता. साहेबाचे बूट सुके रवतत.

साकव
खाजा 😄

भारमान
एसटीबद्दल विचारलंय, लिहितो.

महामंडळ १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याखाली चालतं. कलम १८ म्हणतं, पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर सेवा देणं हे कर्तव्य. कलम २२ म्हणतं, व्यवहार व्यापारी तत्त्वांवर. आगार नेहमी २२ बोलतं, तुम्ही १८ बोला. कलम ३४ प्रमाणे राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, त्यामुळे 'हे आमच्या हातात नाही' हे वाक्य मंत्रालयाला तरी शोभत नाही.

आता व्यवहार. फेरी 'बंद' आणि फेरी 'रद्द' यांत फरक आहे. बंद म्हणजे वेळापत्रकातूनच काढली. रद्द म्हणजे वेळापत्रकात आहे, पण त्या दिवशी चालक, वाहक किंवा गाडी मिळाली नाही. वाडीवरच्या बऱ्याच गाड्या आधी महिनोन्महिने रद्द होतात, लोक वडापकडे (खासगी प्रवासी जीपकडे) वळतात, भारमान पडतं, आणि मग त्याच भारमानाच्या आधारे फेरी बंद होते. म्हणून भारमान मागण्याआधी मागील बारा महिन्यांची रद्द फेऱ्यांची नोंद मागा, कारणासकट. दहापैकी चार दिवस गाडी आलीच नसेल तर उरलेल्या सहा दिवसांच्या भारमानाला काय अर्थ?

दुसरं, सवलती. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं, ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास. या सगळ्याची भरपाई शासनाने महामंडळाला द्यायची. ती उशिरा आली की डिझेल आणि सुटे भाग अडकतात. सवलत जाहीर, भरपाई थकीत, गाडी नादुरुस्त. मुलीच्या दप्तरात पास आहे आणि फाट्यावर गाडी नाही.

ठराव आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकाला. सिंधुदुर्गचं विभागीय कार्यालय कणकवलीला, रायगडचं पेणला. ठरावात 'फेरी सुरू करावी' एवढंच लिहू नका. किती विद्यार्थी, शाळा भरण्या-सुटण्याची वेळ, गाडी वळवायला जागा कुठे, मुक्कामी चालक-वाहकांची झोपण्याची आणि शौचालयाची सोय काय, हे लिहा. मुक्कामाच्या गाड्या या शेवटच्या कारणावरूनही बंद पडतात.

घाटमाथा
भारमान, वडापचा मुद्दा पटला. पण पुन्हा विचारतो, यात मानवी हक्क कुठे आला? ही सेवेतली त्रुटी आहे.

खाडीपलीकडे
तोच खरा प्रश्न आहे, थोडं लांबून येतो.

आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारत १९७९ मध्ये सामील झाला. कलम २ सांगतं की हे हक्क उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत, टप्प्याटप्प्याने पूर्ण करायचे. म्हणजे उद्याच सगळं द्या असं नाही. पण दिलेलं मागे घ्यायचं तर समर्थन सरकारने द्यायचं, हे करारावरच्या समितीने १९९० मध्ये लिहिलं. मे २०१२ मध्ये, युरोपात कपातीची लाट असताना, समितीच्या अध्यक्षांनी सर्व सदस्य देशांना पत्र पाठवून कसोट्या दिल्या: कपात तात्पुरती हवी, आवश्यक आणि प्रमाणात हवी, भेदभाव करणारी नको, आणि हक्काच्या किमान गाभ्याला तिने हात लावता कामा नये.

आता ग्रीस. २०१० पासून कर्जाच्या अटींखाली निवृत्तिवेतनं पुन्हापुन्हा कापली गेली. निवृत्तांच्या संघटना युरोपीय सामाजिक हक्क समितीकडे गेल्या. समितीने २०१२ च्या निर्णयात म्हटलं की काही कपाती एकेकट्या पाहिल्या तर युरोपीय सामाजिक सनदेचा भंग ठरणार नाहीत, पण सगळ्यांचा एकत्रित परिणाम भंग ठरतो. शिवाय तो परिणाम काय होईल याचा अभ्यास सरकारने केलाच नव्हता.

धागाकर्त्याच्या तीन फायली आठवा. शिक्षण विभाग म्हणतो सहा किलोमीटरवर शाळा आहे. आगार म्हणतं तिकडे भारमान नाही. दोघंही आपापल्या फायलीत बरोबर. पण सातवीतली मुलगी घरी बसते ती दोन्ही फायलींच्या मधे, आणि ती बेरीज करायचं काम कोणत्याच टेबलावर नाही. घाटमाथा, तुमच्या 'सेवेतल्या त्रुटी'चं उत्तर इथे आहे.

सड्यावरचा
हेच मला मांडता येत नव्हतं. पण ग्रीसचा निर्णय तहसीलदारापुढे ठेवून काय होणार?

कुळथाची_पिठी
चहा मिळेल.

गावठी_वकील
तहसीलदारापुढे नाहीच ठेवायचा. पण १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात 'मानवी हक्क' या व्याख्येत आंतरराष्ट्रीय करारांतले, भारतीय न्यायालयात अंमलात आणता येतील असे हक्कही येतात आणि हा करार त्या व्याख्येत आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही. घटना एका वर्षाच्या आतली हवी. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही, हे लक्षात ठेवून जा.

शाळेसाठी त्याहून जवळचा रस्ता आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२: लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे. निर्णय तीन महिन्यांत. नाही पटला तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. फार कमी लोक हे कलम वापरतात, सगळे पालकमंत्र्यांना निवेदन देतात आणि फोटो काढतात.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडसाठी मुंबईच. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. काटकसरीचे नियम कोर्टात पडतात, हे अगदी आपल्याकडचं उदाहरण: एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशातून सूट, हा फेब्रुवारी २०२४ चा बदल उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला.

उपकेंद्र
आरोग्याचं कोणी लिहीत नाही म्हणून. कपात औषधांच्या कपाटात दिसते, घोषणेत नाही.

कोकणात बघायची पहिली वस्तू: सर्पदंशाची लस. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, सगळे आहेत. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीचा डोसच ८ ते १० कुप्यांचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चार कुप्या असतील तर 'साठा उपलब्ध' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं आणि व्यवहारात निरुपयोगी. साठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत असते. मे अखेरचा साठा मागा, कारण पेरणीपासून दंश वाढतात. कुप्या भुकटीच्या आहेत की द्रव हेही विचारा. द्रव लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि पावसात आपल्याकडे वीज किती वेळ असते ते सांगायला नको.

दुसरं, बाळंतीण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त मोफत. आहार साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात. गाडी तीन टप्प्यांत मोफत: घर ते दवाखाना, दवाखाना ते मोठा दवाखाना, आणि परत घरी. मधला टप्पा लोक स्वतःच्या पैशाने करतात, कारण 'पुढे घेऊन जा' असं तोंडी सांगितलं जातं. संदर्भ चिठ्ठी लेखी घ्या, त्यावर वेळ आणि 'वाहन उपलब्ध नाही' असा शेरा मागा. शेरा लिहायची वेळ आली की बऱ्याचदा वाहन सापडतं.

तिसरं, बांबोळी, म्हणजे गोव्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सिंधुदुर्गचे गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं गोव्यात जात. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागलं. त्यात गोव्याला दोष देऊन उपयोग नाही, त्यांनी आपलं बजेट सांभाळलं. एका राज्याने स्वतःची व्यवस्था न करता शेजाऱ्यावर टाकलेला भार शेजाऱ्याने परत केला, आणि मधे दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण सापडला.

हिशेबी
उपकेंद्र, औषधांच्या खरेदीत तरतूद आणि वितरण यांतलं अंतरही बघावं लागतं. अर्थसंकल्पात शंभर रुपये लिहिले म्हणजे शंभर मिळाले असं नाही. वित्त विभाग ठरावीक टक्केच खर्चायला परवानगी देतो, उरलेले मार्चमध्ये सुटतात आणि मग ३१ तारखेला खुर्च्या खरेदी होतात. ४ मे २०२० चा शासन निर्णय टोकाचा होता: तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, नवी भरती बंद. त्यातूनही सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न पुरवठा, मदत-पुनर्वसन वगळले होते. म्हणजे कशाला हात लावायचा नाही याची यादी सरकारला करता येते!

बघायचं कुठे? शासनाच्या बीम्स या अर्थसंकल्प-वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीत. शिक्षणाचं प्रधान शीर्ष २२०२, आरोग्याचं २२१०. मूळ तरतूद, वितरित रक्कम, झालेला खर्च हे तीन रकाने शेजारी ठेवा. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर कात्री मंत्रालयात लागली. दुसरा मोठा आणि तिसरा लहान असेल तर ती जिल्ह्यात लागली. 'निधी नाही' म्हणणाऱ्याला कोणता प्रश्न विचारायचा ते यावर ठरतं.

कातळफूल
पोषण आहारातली अंडी कोणी विसरू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये राज्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि द्यायची तर लोकसहभागातून द्या म्हटलं. ज्या वाडीत लोकसहभाग मागायला लोकच उरले नाहीत तिथे काय करायचं?

मालवणी_खाजा
कोंबयेक अर्ज करूचो. दोन प्रतीत.

दहाचा_स्टॅम्प
माहिती अधिकाराबद्दल, कारण इथेच अर्ज फसतात.

राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. शाळा, एसटी, दवाखाना एकत्र लिहिलं की अर्ज परत. तीन अर्ज करा, प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. 'का बंद केली' असं विचारू नका, कागद मागा. शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला असं लिहा:

"अमुक शाळा, मागील तीन वर्षे. (१) संचमान्यतेच्या प्रती. (२) मंजूर, कार्यरत व रिक्त पदे, रिक्त झाल्याच्या दिनांकासह. (३) समायोजनाचा प्रस्ताव असल्यास त्याची प्रत, टिप्पणीसह. (४) लगतच्या शाळेच्या अंतराचा दाखला व मोजणीची पद्धत नमूद असलेला अभिलेख. (५) वाहतूक भत्ता: पात्र विद्यार्थी संख्या, मंजूर रक्कम, जमा केल्याचा दिनांक."

तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस.

गावठी_वकील
एक दुरुस्ती. 'का' विचारायचं नाही हे अर्धं खरं. कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना कळवणं ही प्राधिकरणाची स्वतःची जबाबदारी आहे. अर्जात 'कलम ४(१)(घ) नुसार अभिलिखित कारणांची प्रत' असं मागा. कारण नोंदलेलंच नसेल तर तसं लेखी मिळतं, आणि पुढच्या तक्रारीत तोच कागद सगळ्यात जड.

दहाचा_स्टॅम्प
मान्य. सहावा मुद्दा म्हणून जोडा, १५० शब्दांत बसतो.

घाटमाथा
बरं, एवढं मान्य करतो: आधी वाहतूक, मग समायोजन, हा क्रम उलटा झाला तर ती नुसती त्रुटी राहत नाही. पण रिक्त पदांचं सगळं खापर काटकसरीवर फोडू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक लागतात आणि आंतरजिल्हा बदलीने निघून जातात. पद मंजूर, पगाराची तरतूद आहे, माणूस नाही.

कातळफूल
ते खरं आहे. म्हणूनच स्टॅम्पवाल्यांच्या अर्जात रिक्त झाल्याचा दिनांक आहे ना! बदलीने गेलेलं पद आणि भरती न झाल्याने रिकामं पद, दोन्ही तारखेवरून ओळखता येतात.

सड्यावरचा
माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सगळ्यांचं धरून क्रम असा लावतोय, चूक असेल तर सांगा. आधी पायवाटेचा अंतराचा दाखला. तीन माहिती अर्ज. मग तिन्ही उत्तरं एकाच तक्त्यात: डावीकडे वाडीतली मुलं, गरोदर महिला, वृद्ध, उजवीकडे तिन्ही विभागांचे निर्णय तारखेसह. तो तक्ता ग्रामसभेत ठरावाला जोडायचा. मग शाळेसाठी कलम ३२, एसटीसाठी विभाग नियंत्रक, दवाखान्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, पण तिघांनाही तक्ता तोच.

खाडीपलीकडे
तक्ता तोच, हे सोडू नका. आणि प्रत्येक पत्रात उरलेल्या दोन विभागांची प्रत.

साकव
ग्रामसभेला गणपूर्ती बघा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं कमी ते. मुंबईकर मतदार यादीत आहेत पण गावात नाहीत, त्यामुळे तहकूब सभेचा ठराव होतो आणि मग 'ठराव तहकूब सभेचा' म्हणून नाकं मुरडतात.

कातळफूल
शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही जोडा. तीन-चतुर्थांश पालकच असतात तिच्यात. कलम २२ चा शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार असतो, पण बहुतेक शाळांत तो गेल्या वर्षीच्या आराखड्याची तारीख बदलून जातो. त्यात वाहतुकीची मागणी लिहिलेलीच नसेल तर वर कोणी का देईल? डिसेंबर अखेरपर्यंत गेला पाहिजे.

मालवणी_खाजा
ग्रामसभा गणपतीत ठेवा. मुंबैकार सगळे हंयच, गणपूर्ती फुकट. मोदकांची तरतूद लोकसहभागातून.

भारमान
खाजा, थट्टा नाही, खरंच चांगली सूचना आहे. फक्त सूचनेची मुदत पाळा आणि विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्र क्रमांकाने घ्या. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय' म्हणून घेतलात तर आगारात पहिला आक्षेप तोच येईल.